शिवेच्या आतल्या मोटारी

पोलादपूरहून महाडला येणाऱ्या रस्त्यावर त्या काळी मोटार बंद पडणं ही अडचण नव्हती, तो समारंभ होता. मोटार आधी खोकायची, मग थरथरायची, मग बसायची. आपण खाली उतरायचं, तोंडाभोवती हात धरायचे आणि डोंगराकडे बघून कुकारा घालायचा, "राखण होऽऽ!" बॉनेट उघडायचं नाही. ते उघडं दिसलं की तो पाठ फिरवून परत जायचा. आजारी बाईमाणसाच्या अंगावरचं पांघरूण कुणी ओढतं का, म्हणायचा. थोड्या वेळाने खाचरांच्या बांधावरून घुंगरांचा आवाज यायचा, मग विडीचा वास, मग बैलांची शिंगं आणि सगळ्यांच्या मागून तो.

तो इतका उंच आणि इतका वाळका होता की पावसात भिजत नसे, दोन धारांच्या मधून निघून जात असे. आमच्याकडचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला हे खोटं वाटेल, पण त्याला बघितलेला एकही माणूस मला खोटं म्हणणार नाही. कमरेला हाताच्या मनगटाएवढा जाड दोर गुंडाळलेला असायचा. लग्नाच्या पंगतीला बसला तरी दोर सोडत नसे. चेहरा मात्र असा, की मयताला जमलेली माणसं त्याच्याकडे बघून म्हणायची, आपलं दुःख काहीच नाही.

हा मोटारींचा राखणदार कसा झाला ते सांगितलं पाहिजे. आमच्या डोंगरातल्या प्रत्येक गावाच्या शिवेवर एक धोंडा असतो. तोच गावाचा रखवाला. भात झोडून घरात आलं की त्याला वर्षाची राखण द्यायची, म्हणजे एक नारळ आणि एक कोंबडा. बदल्यात त्याने शिवेच्या आतली गुरंमाणसं सांभाळायची. शिवेबाहेर त्याची जबाबदारी नाही. तिथे वाघाने उचललं तर तक्रार चालत नाही. घाटाच्या पायथ्याशी, ऐनाच्या झाडाखाली ह्याच्या गावचा धोंडा होता, आणि त्याच्यापुढे नारळ फोडून गाऱ्हाणं घालायचा मान ह्याच्या घराण्याकडे होता. गाऱ्हाण्यात तो गावातल्या आंधळ्या म्हशीचंसुद्धा नाव घ्यायचा. एकदा नाव घेतलेलं जनावर त्या वर्षी मेलं, तर तो घरी जाऊन त्या माणसाच्या पाया पडत असे.

अशा माणसाच्या शिवेत मुंबईच्या एका शेठची मोटार येऊन रुतली. ह्याने बैल जुंपून ती बाहेर काढली. शेठने रुपया पुढे केला.

"रुपया बैल खात नाय," हा म्हणाला. "कोंबडा द्या. वरसभर बगतो."

तिथून धंदा सुरू झाला. म्हणजे धंदा लोक म्हणत, तो कधी म्हणाला नाही. भात घरात आलं की धोंड्यापुढे मोटारवाल्यांची रांग लागायची. महाडचा एक मुसलमान लॉरीवाला होता, त्याला सगळा बाजार चाचा म्हणायचा. तो पहिल्या वर्षी कोंबडा बगलेत धरून आला आणि अडखळला. "राखण मीपण देतो बाबा, पण कापणार मी, माझ्या रीतीनं. चालेल तुझ्या धोंड्याला?"

हा बराच वेळ धोंड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "चालतंय. तो कोंबडा बगतो, सुरी नाय बगत."

राखण कुठवर, हा प्रश्न मात्र मोठा होता. महाडपर्यंत बरीच गावं लागतात. ह्याने तोडगा काढला. रस्त्यावरच्या सगळ्या गावांचे राखणदार सख्खे भाऊ, आणि माझा त्यांत थोरला. थोरल्याला धाकट्यांच्या घरात जायला कोण अडवतो? तेव्हा ऐनाच्या झाडापासून महाडच्या वेशीपर्यंत मोटार कुठेही बसो, तो जायचा. पण झाडाच्या वर, घाटात, एक पाऊल नाही. घाट दुसऱ्याचा.

आता माझी मोटार. माझे वडील, अण्णा, महाडचे भाताचे व्यापारी. त्यांनी महाबळेश्वरच्या एका साहेबाकडून जुनी मोटार उचलली आणि मी पुण्याला कॉलेजात जाऊ लागल्यावर माझ्या गळ्यात घातली. उतारावर तिला ब्रेक नव्हते, चढावर दम नव्हता आणि सपाटीवर इच्छा नव्हती. सुट्टीत मी निघालो की मोटारीच्या आधी माझं दाढीचं सामान महाडला पोचायचं, कारण ते पोस्टाने पाठवलेलं असायचं. अण्णांनी एकच अट घातली. "गाडी ने. पण आधी पोलादपूरच्या त्या म्हाताऱ्याकडे तुझी राखण लावू. पुण्याला शिकणारा पोरगा रस्त्यात कुठे पडून राहिला तर मी इथून काय करणार?"

कोंबडा घेण्याआधी त्याने मोटार बाजारातल्या बैलासारखी तपासली. तिच्या कपाळावर हात ठेवला, चाकं चापटली, खाली वाकून वास घेतला. मग अण्णांना म्हणाला, "वयानं ठीक हाय, शेट. पन मनात नाय तिच्या."

"पोराचंही तसंच आहे," अण्णा म्हणाले. "दोघांनाही सांभाळा."

पुण्याच्या वसतिगृहात मी हे सांगितलं तेव्हा पोरं खाटांवरून खाली पडली. एकाने नाव ठेवलं, कुक्कुट विमा. पण त्या विम्याला कलमंही होती. चाक फुटलं, तो येणार. चिखलात रुतली, येणार. आत काही मोडलं, येणार आणि महाडपर्यंत ओढून देणार. पण तेल संपलं असेल तर बैल जुंपणार नाही. एकदा माझं संपलं. तो आला, वास घेतला आणि माझ्याकडे असा बघू लागला की मी जणू जनावर गोठ्यात उपाशी बांधून गावाला गेलो होतो.

"पोटाला नाय घातलंस तिच्या?"

"विसरलो, बाबा."

"तू जेवलास?"

"हो."

"मंग चाल आता," म्हणाला, आणि बैल घेऊन गेला. मी डबा हातात घेऊन महाडपर्यंत चालत गेलो. नंतर कळलं, बैल गोठ्यात बांधून तो परत आला आणि मी तेल घेऊन येईपर्यंत मोटारीपाशी बसून होता. एकटी हाय म्हणून.

बैलांची नावं मामलेदार आणि फौजदार. खऱ्या मामलेदारांची मोटार रुतली तेव्हा हा बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारून ओरडत होता, "हल की मामलेदारा, फुकटचं किती खाशील!" आत बसलेले साहेब लाल झाले, पण उतरले नाहीत, उतरले असते तर पाय गुडघाभर चिखलात गेले असते. इज्जत आणि धोतर यांत त्यांनी धोतर वाचवलं.

मी हे सांगतो तेव्हा लोक हसतात. त्याला हसताना मात्र मी बघितलं नाही. का, ते चाचाने मला सांगितलं. मोटारींच्या सुरुवातीच्या दिवसांत एका गोऱ्या साहेबाने त्याला धाक घालून घाटात बोलावलं होतं. हा बैल घेऊन शिवेबाहेर गेला. त्याच दुपारी त्याची लहान मुलगी सावित्री नदीच्या पात्रात शिंपल्या वेचायला उतरली आणि वरून लोंढा आला. कोस-दीड कोसावर सापडली. बायको त्या दुःखात वर्षभरात गेली. त्याने कुणालाच दोष दिला नाही. राखण्या शिवेत नव्हता, एवढंच म्हणाला. त्यानंतर त्याने आपली बैलगाडी मोडून चुलीत घातली, दोर कमरेला गुंडाळला आणि ऐनाच्या झाडाच्या वर कधी पाऊल टाकलं नाही.

माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी अण्णांच्या छातीत पाणी झालं. पुण्याला आणलं, डॉक्टरांनी सुया घातल्या, पाणी काढलं, पाणी पुन्हा भरलं. एक दिवस डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. अण्णांनी ते खाटेवरून बघितलं.

"मला घरी ने," ते म्हणाले. "वखारीवरच्या खोलीत. ह्या लोखंडी खाटेवर मी मरणार नाही."

लावणीचे दिवस होते. मागच्या बाकावर गाद्या-उशा रचून त्यांना टेकून बसवलं. आडवं झालं की त्यांना श्वास लागत नसे. घाटात पाऊस असा, की मोटार रस्त्यावरून चाललीय की नदीतून, ते चाकांनाही कळत नव्हतं. अण्णा दर वळणाला विचारत, "घर किती राहिलं?" मी दर वळणाला थोडं थोडं कमी सांगत होतो. घाट जवळजवळ उतरलो. खाली ऐनाचं झाड दिसू लागलं. आणि तिथे रस्त्याची कड खचली, मागचं चाक डोंगराकडच्या चरात आसापर्यंत गेलं.

मी कुकारा घातला. आयुष्यात तसा घातला नसेल. तो आला. बैल आले. धोंड्यापाशी येऊन तिघेही उभे राहिले.

मी धावत खाली गेलो. "चला बाबा, लवकर!"

"कुटं हाय?"

"ती काय, वरच्या वळणावर."

त्याने डोळ्यांवर हात धरून बघितलं. "ती भायेर हाय."

"अण्णा आहेत आत. डॉक्टरांनी हात टेकले. घरी पोचवायचंय, बाबा. आज."

तो खाली उकिडवा बसला. "मी नाय येऊ शकत रे, पोरा. तुला ठावं हाय."

"मग माणसं द्या, डोली करू."

"मानसं समदी लावनीला हायत, पार नदीपल्याड. आनि डोलीत आडवं निजवावं लागतंय. शेटला निजवतं का?"

निजवत नव्हतं. मी त्याला वाटेल ते बोललो. कोंबडे खाल्ले म्हणालो, धोंड्याला शिव्या दिल्या. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि बैल माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मी परत वर गेलो.

"काय म्हणतो?" अण्णांनी विचारलं.

"शिवेबाहेर आहे म्हणतो."

अण्णा हसले. दवाखान्यात गेल्यापासून पहिल्यांदा. "बरोबर आहे त्याचं. मी राखण दिली ती शिवेच्या आतली. घाट सौद्यात नव्हता. त्याला बोलू नकोस काही." मग डोळे मिटले. "इथून वखार दिसते का रे?"

इथून महाड कुठलं दिसणार? मध्ये डोंगर, ढग, पाऊस. "दिसते," मी म्हणालो. "वरची खिडकी उघडी आहे."

मी पुन्हा खाली गेलो. आता ओरडायचं बळ नव्हतं. म्हणालो, "अण्णा म्हणतात, तुमचं बरोबर आहे."

त्याने मान वर केली. "शेट असं बोल्ला?"

"त्याला बोलू नकोस म्हणाले."

तो उठला. कमरेचा दोर सोडू लागला. वेढ्यावर वेढा सुटत गेला, आणि दोर उतरल्यावर तो निम्मा दिसू लागला. मला वाटलं, येतोय. पण तो वर आला नाही. त्याने दोर धोंड्याभोवती आवळला, दुसरं टोक जुवाला बांधलं, आणि भर पावसात हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"म्हाराजा, तुला जरा वर नेतोय. राग धरू नको. धरलास तर माज्या एकट्यावर धर."

मग त्याने बैलांना हाक दिली. तो धोंडा किती पिढ्या तिथे होता कुणास ठाऊक. बैलांचे गुडघे जमिनीला लागले, फौजदाराच्या नाकातून फेस आला, आणि डोंगराने दात उपटून द्यावा तसा आवाज करत धोंडा सुटला. खाली खाचरांत वाकलेली माणसं एकदम सरळ झाली. पार नदीपल्याडची. हातात रोपं तशीच. बैल पुढे, धोंडा मागे, आणि त्याच्या मागून हा, धोंड्याच्या पुढे एक पाऊलही न टाकता. मोटारीच्या थोडं वर नेऊन त्याने धोंडा उभा केला, मातीत दाबला, हात पुसले आणि मला म्हणाला,

"आता आत हाय."

चाक निघायला वेळ लागला नाही. अण्णांनी उशीवरून हात थोडासा उचलून त्याला नमस्कार केला. त्याने तो बघितला नाही. तो मोटारीच्या कपाळावर हात ठेवून तिला काहीतरी सांगत होता. आणि ती मोटार, जिच्या कधी मनात नसायचं, ती त्या दिवशी महाडपर्यंत एकदाही खोकली नाही.

अण्णा वखारीवरच्या खोलीत पोचले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खिडकी उघडायला लावली, भाताचा वास घेतला आणि गेले.

धोंडा त्याने दुसऱ्याच दिवशी परत खाली नेला होता. पण खड्ड्यात पाणी साचून कडा ढासळल्या होत्या. तो बसेना. किती माती घातली, किती दगड ठोकले, तरी थोडा कललेलाच राहिला. आणि महिन्याच्या आत गुरांच्या एका व्यापाऱ्याचा कळप घाट उतरून आला, त्याच्याबरोबर बुळकांडीची साथ आली. भर पावसात गोठेच्या गोठे रिकामे झाले. आंधळी म्हैस गेली. फौजदार गेला. मामलेदाराने चार दिवस नुसतं पाणी पिऊन काढले, मग तोही मान टाकून गेला.

गावात कुणी आवाज चढवला नाही. ते मला जास्त भयंकर वाटलं. पाटील त्याच्या अंगणात आला, विडी दिली, आणि म्हणाला, "तुजी चूक हाय असं आमी म्हनत नाय. पन नारळ आता दुसरा कोन फोडील."

"व्हय," हा म्हणाला.

अण्णांचं सगळं आटोपल्यावर मी त्याला समजवायला गेलो. हा रोग आहे, जंतूंमुळे होतो, वरच्या बाजारातून त्या कळपाबरोबर आला, धोंड्याचा काही संबंध नाही. कॉलेजात शिकलेलं सगळं ओतलं.

"म्हंजे वरनंच आली ना? शिवंवरनं?"

"हो, पण..."

"मंग झालं."

मी बैलजोडी देऊ केली. त्याने डोकं हलवलं. "त्यास्नी बी मारू काय?"

बैल नव्हते, मान नव्हता, पण त्या वर्षीच्या राखणी घेतलेल्या होत्या. ते वर्ष त्याच्या डोक्यातून गेलं नाही. दसऱ्याच्या सुमाराला चाचाची भरलेली लॉरी त्याच्या घराखाली बसली. चाचाने सवयीने कुकारा घातला. बांधावरून घुंगरं आली नाहीत. हा एकटा आला. दोर लॉरीला बांधला, दुसरं टोक स्वतःच्या छातीभोवती घेतलं आणि ओढू लागला.

"अरे बाबा, काय करतोस! सोड, हमाल बोलावतो!"

"राखण घेतलीय," एवढंच म्हणाला.

लॉरी तसूभर हलली नाही. तो हलत राहिला. पाय घसरले, पडला, उठला, पुन्हा ओढू लागला. तोंडातून रक्त आलं तेव्हा चाचाने कुऱ्हाडीने दोर तोडला, आणि तो दांडगा पठाणासारखा माणूस रस्त्यात बसून पोरासारखा रडला. महाडला येऊन त्याने मोटारतळावरच्या एकूण एक ड्रायव्हरला दम भरला, "त्या पट्ट्यात गाडी बंद पडली आणि कुणी कुकारा घातला, तर त्याची जीभ मी ठेवणार नाही. उतरायचं आणि गप ढकलायचं. तो घरात आहे हे विसरायचं नाही."

मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. अण्णांच्या मागे वखार माझ्यावर आली, कॉलेज सुटलं, मोटारतळाकडे फिरकायला सवड नव्हती. भात झोडून झालं त्या दिवसांत मी पुण्याला जाऊन माझी पुस्तकं, गादी, कंदील मोटारीत भरून परत निघालो. ऐनाचं झाड मागे गेलं, आणि त्याच्या घराच्या अलीकडे मोटार खोकली, थरथरली, बसली. मी उतरलो, तोंडाभोवती हात धरले. महाडच्या बाजाराला निघालेले दोन वाटसरू डोक्यावरचे भारे टाकून माझ्या अंगावर धावले.

"गप! वरडू नका! म्हातारा घरात हाय."

त्यांनी मला खालच्या आवाजात सगळं सांगितलं. मग आम्ही ढकलू लागलो. वाटसरूंनी वहाणा काढून भाऱ्यात खोचल्या, भारे मोटारीत ठेवले, मीही बूट काढले. त्याच्या घरापुढून ती मोटार आम्ही अशी नेली, की कुडावरची कोंबडीसुद्धा फडफडली नाही. बांबूच्या बेटाआड, वळणापलीकडे लावली. मग मी हात गवताला पुसले, बूट घातले आणि भेटायला मागे आलो.

तो अंगणात बसला होता. कमरेला दोर नव्हता, त्यामुळे मला आधी ओळखूच आला नाही.

"ये रे, शेटच्या पोरा. चालत आलास?"

"मोटार पुढे लावलीय. म्हटलं तुम्हाला भेटावं."

"कशी हाय?"

"चांगली आहे."

"बसली बिसली नाय ना वाटंत?"

"नाही."

त्याने मान डोलावली. रस्त्याकडे बघत राहिला. मग हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "कुनाला बोललो नाय मी. पन दसऱ्यापास्नं कुकारा नाय आयकला. येक बी गाडी बसली नाय ह्या वाटंला. कान लावून असतोय मी. येक बी नाय." माझ्याकडे वळला. "मंग राखण पावली म्हनायची काय रे? तू शिकलेला हायस."

"पावली," मी म्हणालो.

त्याचा चेहरा काही बदलला नाही. त्या चेहऱ्याला बदलायची सवयच नव्हती. फक्त गुडघ्यावरचा हात जरा सैल झाला. उठलो तेव्हा म्हणाला, "जाताना भोंगा वाजीव. चालती हाय म्हंजे बरं वाटतं आयकाया."

वळणापलीकडे वाटसरू मोटारीला टेकून विडी ओढत होते. मी आत हात घालून भोंग्याचा रबरी गोळा दाबला, पुन्हा दाबला, हळूहळू हलका करत गेलो, मोटार लांब जातेय असा. मग बूट काढले, आणि आम्ही तिघांनी खांदे लावले.